मागच्या बाकावरची गोदू

श्रीवर्धनहून म्हसळ्याला जाणारी दिनानाथपंतांची मोटार सावरीच्या चढणीला लागली की जड व्हायची. साऱ्या मुलखाला हे ठाऊक होतं. चढणीच्या पायथ्याशी उतारूंच्या गप्पा आपोआप बंद पडायच्या. तोंडात पान असलेला माणूस चघळायचं विसरायचा. मागच्या बाकावरचे लोक डाव्या कोपऱ्यापासून अंग चोरून उजवीकडे सरकायचे, मग तिथं एकमेकांच्या मांडीवर बसायची वेळ आली तरी बेहत्तर. इंजिन कण्हायला लागायचं, करपल्याचा वास यायचा, आणि मोटार त्या काटेसावरीच्या झाडाखालून गाभण म्हशीच्या चालीनं जायची. तेवढ्यात कुणीतरी म्हातारी पुटपुटायचीच, "बसली गो बाय."

बसली म्हणजे गोदू. मोटार चालवणाऱ्या भागोजीची बायको. तिला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

या भागोजीचं सगळंच जरा वेगळं. म्हसळ्याच्या पलीकडच्या एका भातशेतीच्या गावातला हा माणूस. भाऊ मुंबईला गिरणीत गेले, हा गेला थेट बसऱ्याच्या लढाईवर. तिथं बंदूक नाही धरली, लष्कराच्या मोटारी हाकल्या. परत आल्यावर सारा गाव भोवती जमला, काय काय बघितलंस सांग म्हणून. हा म्हणाला, "वाळू." संपलं! एवढा समुद्र ओलांडून गेलेला माणूस, आणि एका शब्दात लढाई आटोपली. लोक चिडले, पण भागोजीचा स्वभावच तसा. बोलणं कमी, हात चालू.

दिनानाथपंत हे श्रीवर्धनचे सुपारीचे मोठे बागाईतदार. त्यांना नव्याचा भारी सोस. लढाईतून उरलेली एक उंच चाकांची मोटार त्यांनी मुंबईत लिलावात घेतली आणि मचव्यात घालून समुद्रातून आणली. भरतीच्या पाण्यात फळ्या टाकून ती खाली उतरवली तेव्हा कोळीवाडा लोटला होता. रंग म्हणाल तर चिखलाचा, वर कापडी टप, बाजूला छोटी छोटी दारं, आवाज असा की वाडीतली माकडं दोन दिवस फिरकली नाहीत. पण काय जनावर होतं! बैल जिथं गुडघे टेकायचे तिथं ही चढायची. खाडीचं पाणी ओसरलं की चिखलातून जायची, पुळणीच्या वाळूवरून जायची, रस्ता असला तर रस्त्यानं आणि नसला तर नसल्यासारखी. आणि तिला हाकायला भागोजीशिवाय दुसरा माणूस त्या मुलखात सापडला नसता.

ब्रेक फक्त मागच्या चाकांना. पायाखालची पट्टी दाबली की मोटारीच्या पोटाखालून गेलेल्या दोन लोखंडी सळया ओढल्या जायच्या आणि चाकाच्या ड्रममधले पट्टे ड्रमला घट्ट बसायचे. एवढंच यंत्र. पण भागोजीचा सगळा जीव त्या सळयांत. ब्रेक ढिला ठेवणारा ड्रायव्हर म्हणजे खुनी, असं त्याचं बसऱ्यापासूनचं मत. सळयांना तेल लावणं, नट आवळणं, पट्टे झिजले की पुन्हा आवळणं, हे त्याच्या आंघोळीइतकं नेमाचं होतं.

गोदू त्याच्या मामाची मुलगी. हरिहरेश्वराच्या वाटेवरच्या एका वाडीतली, येसूबाईची एकुलती एक. मोटार रिकामी परत यायची तेव्हा ती वाटेत चढायची आणि मागच्या बाकाचा डावा कोपरा धरायची. भागोजी म्हणायचा, पुढं बस. ती म्हणायची, "तुमचं थोबाड घरी बघतेच की. मला मुलूख बघू द्या." आणि समुद्राच्या बाजूचं वळण आलं की मागून त्याचा सदरा ओढायची, "हळू ओ! समिंदर संपंल ना!" मग हा गडी, ज्यानं पंतांचंसुद्धा कधी ऐकलं नाही, तो निमूटपणे मोटार हळू करायचा.

पहिल्या बाळंतपणाला ती आईकडे होती. मूल आडवं आलं. सुईणीनं हात टेकले, म्हणाली, म्हसळ्याच्या दवाखान्यात न्या, माझ्या हातातलं राहिलं नाही. निरोप मिळाल्याबरोबर भागोजी मोटार घेऊन दारात हजर. येसूबाई कधी मोटारीत बसलेली नव्हती. तिनं भागोजीचा हात धरला. "बाबा, चढनीच्या पल्याडचा उतार लई वंगाळ हाय म्हनतात. ब्रेक का काय तो नीट आवळून घे. माझी पोर सांभाळून ने." भागोजीनं खाली शिरून दोन्ही सळया आवळल्या. मग त्याला बसऱ्याची आठवण झाली. रिकामी मोटार आत बसलेल्या माणसाला उडवते, ओझं भरलेली मोटार पाळण्यासारखी जाते. जखमी शिपायांना नेताना ते असंच करायचे. त्यानं धावत जाऊन पुळणीवरून वाळूची पोती भरून आणली आणि मागच्या भागात रचली. त्यावर गोधड्या, गोधड्यांना लागून बाक, बाकाच्या डाव्या कोपऱ्यात आईच्या अंगावर रेललेली गोदू. इतक्या मायेनं त्या मोटारीत कधी कुणाला बसवलं नसेल.

निघाल्यापासून मोटार ओढत नव्हती. सावरीच्या चढणीला लागल्यावर तर तिनं हायच खाल्ली. पाणी उकळून वाफ आली, मागून धूर यायला लागला, आणि त्या झाडाखाली मोटार थांबली. सकाळची कोवळी वेळ होती, सावर लालभडक फुलली होती. वाटेनं जाणारे शेतकरी धावले, त्यांनी खांदे लावले. मोटार हलेना. भागोजी वेड्यासारखा कधी हँडल मारत होता, कधी चाकामागं दगड लावत होता. शेवटचं त्यानं तिच्याजवळ तोंड नेलं तेव्हा गोदूनं त्याचा सदरा धरला आणि म्हणाली, "हळू ओ." तिला काय दिसत होतं कुणास ठाऊक. तिथंच ती गेली, पोटातल्या पोरासकट.

तिला आडवी ठेवायला जागा हवी म्हणून लोकांनी वाळूची पोती उतरवून रस्त्याकडेला टाकली. मग भागोजीनं हँडल मारलं, आणि मोटार सुरसुर करत चढण चढून गेली. खांदे लावणारे तोंडाकडे बघत राहिले. त्यातला एक म्हणाला, "जीव गेला नि मोटार हलकी झाली." तेच पुढं मुलूखभर झालं.

बाळंतपणात गेलेली बाई आळवंत होते, घराकडे परत येते, असं तिकडे मानतात. म्हणून तिला नेताना घरापासून मसणापर्यंत मागं राळ्याचे दाणे टाकत जायचे आणि उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकायचा. ती उठते, वाटेला लागते, पण दाणा दिसला की वेचल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वेचता वेचता कोंबडा आरवतो, की परत फिरायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी पहिल्या दाण्यापासून. येसूबाईच्या दारापासून सगळं रीतसर केलं होतं. आणि तरी महिनाभरात मोटार त्या झाडाखाली जड व्हायला लागली. रोज नाही. उतारू कमी असले की गपगुमान जायची, भरलेली असली की हटकून जड. दादू भगतानं डोळे मिटून, मान डोलावून उलगडा केला. "घरची वाट बंद केलीत, मोटारीची वाट उघडी ऱ्हायली. चार मान्सं दिसली की तिला वाटतं, आता नेतील. अजून म्हसळ्याला पोचायचंय तिला."

अजून पोचायचंय. हे शब्द भागोजीच्या काळजात रुतले ते रुतलेच. तेव्हापासून त्यानं मोटार दवाखान्याच्या दारात कधी नेली नाही. आजारी माणूस असला तरी बाजाराच्या नाक्यावर थांबवायची आणि तिथून त्याला पाठुंगळी मारून न्यायचं. पंत ओरडले, लोक हसले. हा बदलला नाही.

पण खरं सांगायचं तर ती चढण हेच त्याचं सुख झालं होतं. मोटार जड व्हायला लागली की तो मान वळवायचा नाही, नुसता हळू आवाजात म्हणायचा, "बस." मागचा डावा कोपरा त्याच्या पाठीला कळायचा. सदऱ्याला कुणी हात लावलाय असं वाटायचं. मिस्त्री माणूस, यंत्राचा खुळखुळा दुरून ओळखणारा, तो सळयांना नेमानं तेल लावायचा, नट आवळायचा, पण मोटार का जड होते ते त्यानं एकदाही शोधलं नाही. का शोधावं? रोज भेटायला येणाऱ्या माणसाला, बाई, तू खरंच आहेस का, असं कुणी विचारतं का?

येसूबाईचंही तेच. आयुष्यभर मोटारीला भिणारी ती बाई, दर बाजाराच्या दिवशी मोटारीत बसायला लागली. म्हसळ्यात तिला काडीचं काम नसायचं. अबोलीची वेणी आणायची, डाव्या कोपऱ्यात ठेवायची आणि शेजारी बसायची. झाडाखाली मोटार कण्हायला लागली की त्या रिकाम्या जागेवर हात ठेवायची. "आली," एवढंच म्हणायची.

हे असंच चाललं असतं. पण एका लग्नसराईत मोटार अशी भरली की टपावरसुद्धा माणसं. झाडाखाली आली आणि ठप्प झाली. इंजिन बंद पडलं, मागून धुराचे लोट आले, एका वऱ्हाड्यानं घाबरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. झालं! दुसऱ्या दिवसापासून उतारू येईनात. बायका मोटार दिसली की पोरांना पदराखाली घ्यायच्या. दिनानाथपंतांनी मुंबईहून मिस्त्री आणवला. त्यानं मोटार जॅकवर उचलली, मागचं एकेक चाक हातानं फिरवलं. चाकं भिंगरीसारखी फिरली. "ब्रेक कुठेच धरत नाही," तो म्हणाला, हात पुसले, चहा प्याला आणि गेला.

पंतांनी भागोजीला बोलावलं. "हे बघ, भागोजी, मी या गोष्टी मानत नाही. पण उतारू मानतात. दादूला सांगितलंय. अमावास्येला तो मोटारीच्या पायरीत खिळा ठोकेल आणि चढणभर राळे टाकेल. तुला वाईट वाटेल, पण माझा इलाज चालत नाही."

येसूबाईला हे कळलं तशी ती उन्हातान्हाची चालत श्रीवर्धनला आली आणि पंतांच्या वाडीत भागोजीला गाठलं. "भागोजी, ल्येका, त्यांनी खिळा मारला तर ती तिथंच अडकंल रे! पोटात पोर घेऊन त्या चढनीवर दानं येचत बसंल. म्हसळ्याला न्हाय नि घरला न्हाय. तू मिस्त्री हायस ना? मग शोध. मोटारीत काय बिघाड हाय तो काढून दाखव पंतांना. पन माझ्या पोरीला खिळा मारू देऊ नको."

"मामी," भागोजी म्हणाला, "बिघाड निघाला तर?"

"तर काय?"

बिघाड निघाला, तर गोदूला खिळा बसणार नव्हता. पण मग तिथं गोदूच नव्हती. आणि नाही शोधला, तर गोदू होती, आणि तिला खिळा बसणार होता. बिचाऱ्यानं कुठं जावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाडीत मोटारीखाली शिरला. आधी पंतांचे गडी भरून थोडं अंतर चालवून आणली आणि मागच्या ड्रमवर पाणी शिंपडलं. चर्रर्र झालं. पुढच्या चाकाजवळ शिंपडलं, तर काही नाही. म्हणजे मागं ब्रेक धरत होते, यात वाद नव्हता. ते त्याला वासानंच माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. मग त्यानं मोटार जॅकवर घेतली, चाक फिरवलं. भिंगरी! मुंबईचा मिस्त्री खोटं बोलला नव्हता. सळया ढिल्या लोंबत होत्या. खाली उतरवली, रिकामी ढकलली, एकट्याच्या जोरानं पुढं गेली. भागोजी खाली उताणा पडून बघत राहिला. वर सुपारीची झाडं हलत होती, उन्हाचे कवडसे मोटारीच्या पोटावर नाचत होते. आणि त्याच्या मनात हळूच आनंद झाला. सापडत नाही! बिघाड नाहीच!

मग मिस्त्री जागा झाला, नवरा मागं पडला. जॅकवर चाक लोंबकळत असतं. लोंबकळणाऱ्या चाकाला ओझं काय कळणार? मोटार जड होते ती भरलेली असताना.

त्यानं पंतांच्या गड्यांना हाक मारली. सुपारीची पोती मागच्या भागात टाकायला लावली आणि स्वतः पुन्हा खाली शिरला, डोळे सळईवर लावून. पहिलं पोतं पडलं. मोटारीचं ओझं झेलणारे वाकडे कमानपाटे जरा दबले. आणखी पोती पडली. वाकलेले पाटे सरळ व्हायला लागले, सरळ होताना लांबले, आणि त्यांना बांधलेला चाकाचा आस बोटभर मागं सरकला. आस मागं गेला, तशी त्याला जोडलेली सळई ताणली. ढिली लोंबणारी सळई त्याच्या डोळ्यांदेखत ताठ झाली, आणि आत ड्रममध्ये पट्टा टेकल्याचा बारीक आवाज आला. पायाच्या पट्टीवर कुणाचाही पाय नव्हता. ओझंच ब्रेक दाबत होतं. चढणीवर तर सगळा भार मागं येतो, तिथं ब्रेक आणखी करकचून धरणार.

त्यानं पान्यानं नट ढिले केले. गड्यांना म्हणाला, ढकला. पोत्यांनी भरलेली मोटार निमूट पुढं सरकली.

गडी खूश झाले, ओरडत पंतांना सांगायला गेले. भागोजी मात्र तिथंच जमिनीवर पडून राहिला. ब्रेक आवळला त्यानं. वाळूची पोती भरली त्यानं. एकट्या आवळण्यानं काही झालं नसतं, एकट्या वाळूनंही नसतं. दोन्ही मिळून चाकं धरली गेली. आणि पोती काढल्यावर मोटार सुरसुर चढली, ती जीव गेला म्हणून नव्हे. इतकी वर्षं ज्या ओझ्याला तो 'बस' म्हणत होता ती गोदू नव्हतीच, त्याच्याच हातांनी आवळलेला नट होता. अरे देवा! शत्रूनं केलं असतं तर त्याचा गळा धरता आला असता. हे तर मायेनं केलेलं. हात तोंडावर दाबून तो लहान मुलासारखा रडला.

रात्री वाडीतच राहिलेली येसूबाई रहाटाच्या कट्ट्यावर बसून होती. ती जवळ आली, खाली वाकली. "सापडलं?"

"सापडलं."

"काय हुतं रे?"

भागोजीनं तिच्याकडे बघितलं. 'ब्रेक नीट आवळून घे' म्हणताना तिनं धरलेला हात त्याला आठवला. आता हिला काय सांगायचं? एका जिवानं जाळून घ्यायचं ते पुरे, दुसऱ्याला कशाला?

"सळई गंजली हुती, मामी. खारा वारा. दुसरं काय न्हाय."

"नि गोदू?"

"गोदू हाय," तो म्हणाला. "तिला कोन खिळा मारतो तेच बघतो."

पंत खूश झाले, दादू भगत फुरंगटला आणि नारळ घेऊन घरी गेला. उतारू परत आले. मोटार आता सावरीखालून सहज जायची. लोकांना हायसं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. भीतीचीही सवय लागते माणसाला. बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. भागोजी पहिल्या दिवशी झाडाखालून गेला तेव्हा त्यानं ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही. बस म्हणायचं कुणाला? पाठीमागं इतकं रिकामं त्याला कधीच वाटलं नव्हतं. गोदू एकदा मेली होती, ती त्या दिवशी पुन्हा मेली.

बाजाराच्या दिवशी येसूबाई आली, वेणी घेऊन. कोपऱ्यात वेणी ठेवली, शेजारी बसली. चढण लागली. मोटार काही कुरकुर न करता चढत राहिली. भागोजीनं न राहवून मागं बघितलं. म्हातारी त्या रिकाम्या जागेवर हात फिरवत होती, चाचपत, अंधारात काही हरवल्यागत. भागोजीला ते बघवेना. त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. हलकेच दाबला. मोटार जड झाली, इंजिन कण्हलं, करपल्याचा वास आला.

"आली," येसूबाई म्हणाली.

तेव्हापासून ज्या ज्या दिवशी येसूबाई मोटारीत असेल त्या त्या दिवशी भागोजीनं सावरीखाली ब्रेक दाबला. आजारी माणूस आत असला तर मात्र नाही. त्या दिवशी येसूबाईला तो सांगायचा, आज गर्दी हाय, लाजली असंल. म्हातारी मान हलवायची. ब्रेकचे पट्टे लवकर झिजतात म्हणून पंत कटकट करायचे. भागोजी ऐकून घ्यायचा. जो ब्रेक दाबायला नको होता तोच ब्रेक तो दाबत होता, आणि दर वेळी पायाखाली त्याला ती सकाळ लागायची. शिक्षा म्हणा, भेट म्हणा, त्याला तिच्याशिवाय करमतही नव्हतं. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. विचारणाऱ्याला सांगायचा, "मोटारीत जागा न्हाय."

वर्षं गेली. रस्ता जरा सुधारला, मोटार मात्र पार खिळखिळी झाली. येसूबाईही थकली. तिला पोटात दुखायला लागलं आणि कशानं थांबेना, तेव्हा भागोजी मोटार घेऊन तिच्या दारात गेला. त्या वेळी दुसरा उतारू घेतला नाही. त्यानं मागचं दार उघडलं, पण म्हातारीनं मान हलवली.

"आज म्होरं बसते."

त्यानं तिला उचलून आपल्या शेजारी बसवलं. वेणी मात्र तिनं मागं कोपऱ्यात ठेवायला लावली. सावर तशीच लालभडक फुललेली होती. चढण लागली. आजारी माणूस आत आहे, ब्रेक दाबायचा नाही, हे भागोजीला कळत होतं. पण शेजारी येसूबाई होती, आणि ही कदाचित तिची शेवटची खेप. त्याचा पाय ब्रेकवर गेला. मोटार कण्हली.

येसूबाई मागं वळली नाही. ती खाली त्याच्या पायाकडे बघत होती.

"पाय काढ, भागोजी."

"मामी..."

"पयल्या दिसापास्नं ठाव हाय मला. गोदू यायची तवा मोटार कशी हळूहळू जड व्हायची. तू दाबतोस तर धक्का बसतो." ती हसली, मग कळ आली म्हणून थांबली. "नि गंज म्हनालास ना तू? तुझी सळई मी बगितली हुती. तेलानं चकाकत हुती. गंज धरंल तर तुझ्या मोटारीला?"

भागोजीला काही दिसेना. समोरचा रस्ता पाण्यात गेल्यासारखा झाला.

"ब्रेक आवळ म्हनून मी बोलले हुते," येसूबाई म्हणाली. "ते तू येकट्यानं गिळून बसलास इतकी वर्सं. मी बी गप बसले. कारन तू दाबायचास, तवा मला बी वाटायचं, आली. खोटं तर खोटं. आपन दोगांनी तिला मायेनं बसवली, नि दोगांनीच इतं अडकवून ठेवली. दादूच्या खिळ्याहून आपला खिळा मोठा. आता पुरं झालं. पाय काढ, नि पोचव माझ्या लेकीला."

भागोजीनं पाय उचलला. मोटार हलकी झाली, सावरीखालून पुढं गेली, खिंड ओलांडून पलीकडच्या उताराला लागली. तो मोठ्यानं रडत होता आणि चालवत होता. म्हातारीनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

म्हसळ्यात बाजाराचा नाका आला. तिथं भागोजी थांबला नाही. मोटार तशीच पुढं नेली आणि दवाखान्याच्या अगदी दारात उभी केली. येसूबाईला उचलून आत खाटेवर ठेवलं. मग तो परत बाहेर आला आणि मागचं डावं दार उघडलं. दार धरून तो बराच वेळ उभा राहिला, पोटुशी बाई उतरायला जितका वेळ लागतो तितका.

मग त्यानं दार लावलं.